संधी ओळखता येते, मग हातून का निसटते?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आठ वर्षं एकाच हिशेब विभागात आहात. गेल्या दीड वर्षात तीन गोष्टी घडल्या. एक सहकारी सहा महिन्यांच्या रजेवर गेली. तिच्या जागी दर महिन्याला इतर विभागांसमोर खर्चाचा आढावा मांडाल का, असं तुम्हाला विचारलं गेलं. तुम्ही "विचार करून सांगतो" म्हणालात आणि तिसऱ्या दिवशी ते काम दुसऱ्याकडे गेलं. डेटा विश्लेषणाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज अर्धवट भरून ठेवला, मुदत टळली. एका जुन्या सहकाऱ्याने त्याच्या कंपनीत जागा निघाल्याचं कळवलं, त्याला तुम्ही अजून उत्तरच दिलेलं नाही. तुम्ही विचारताय की संधी वेळीच ओळखायची कशी, आणि मग समोर येईल त्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचं का. घरी वडील आजारी असल्याने हाताशी वेळ मोजका आहे, हेही तुम्ही लिहिलंय.

माझ्या मते तुमची अडचण ओळखण्याची नाहीच. तिन्ही वेळा ही संधी आहे हे तुम्हाला लगेच कळलं होतं, नाहीतर तो अर्ज तुम्ही उघडलाच नसता. गाडी अडली ती उत्तर देण्यापाशी. करिअर समुपदेशनाच्या कामात मला हे सतत दिसतं. "मला संधी दिसत नाहीत" असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या दिसलेल्या असतात, पण कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही हे आधी ठरलेलं नसतं. मग संधी समोर उभी राहिल्यावर सगळा विचार शून्यापासून सुरू होतो, आणि नेमका तोच क्षण विचारासाठी सगळ्यात वाईट असतो.

वाईट का, ते सांगते. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा की तेवढ्याच फायद्यापेक्षा तेवढंच नुकसान माणसाला जास्त बोचतं. पुढच्या मोजमापांत हे प्रमाण साधारण दुपटीच्या आसपास आलं. म्हणजे आढावा मांडायचं काम समोर येतं तेव्हा "सगळ्यांसमोर चुकलो तर" हे "सहा महिन्यांत बोलायला शिकेन" यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. काळ गेल्यावर हेच पारडं फिरतं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ मध्ये दाखवलं की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींची खंत जास्त वाटते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींची. त्या क्षणी भीतीच्या हातात निर्णय गेला तर तो बहुतेक वेळा "नंतर बघू" असाच निघतो. म्हणून निकष आधी, शांत डोक्याने लिहून ठेवायचे.

निकष कोणते, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि इथे सरसकट सल्ला देणं चुकीचं ठरेल. घरात कमावणारं माणूस एकच असेल, काही महिने पुरेल एवढी बचत नसेल, कुणाची शुश्रूषा करावी लागत असेल, तर नोकरी बदलण्यासारखी मोठी उडी आणि सहा महिन्यांचं जास्तीचं काम यांना एकच माप लावून चालणार नाही. मी आधी एकच गोष्ट पाहते: यातून मागे फिरता येईल का? अभ्यासक्रम सोडता येतो, सहा महिन्यांचं काम सहा महिन्यांनी संपतं, एखाद्या गटात जाणं थांबवता येतं. अशा गोष्टींत चुकीच्या होकाराची किंमत काही संध्याकाळी एवढीच असते, म्हणून तिथे निर्णय झटपट घ्यावा. नोकरी सोडणं, कर्ज काढून शिकणं, घर हलवणं यांतून परतणं अवघड असतं. तिथे दोन-तीन आठवडे घ्या, आकडेमोड करा, घरच्यांशी बोला. लोक नेमकं उलट करतात. छोट्या गोष्टीवर महिनाभर घोळ घालतात आणि मोठी उडी वैतागाच्या भरात एका रात्रीत मारतात.

आता कागद घ्या. एकच पान पुरतं. त्यावर पहिली गोष्ट दिशेची. पाच वर्षांनी कुठे असेन वगैरे लिहू नका, त्याचा रोजच्या निर्णयाला काही उपयोग होत नाही. "आज मला जे एकट्याने जमत नाही, पण वर्षभराने जमायला हवं, असं काय?" याचं उत्तर लिहा, आणि ते करता येण्याजोग्या कामाच्या रूपात लिहा. "संवादकौशल्य सुधारणं" हे उत्तर नव्हे. "अनोळखी दहा जणांसमोर खर्चाचे आकडे वीस मिनिटं समजावून सांगणं आणि प्रश्नांना उत्तरं देणं" हे उत्तर. अशा जास्तीत जास्त दोन गोष्टी. तीन लिहिल्या की जवळपास काहीही कशात ना कशात बसतं आणि चाळणी निकामी होते.

दुसरी गोष्ट वेळेची. आठवड्यातले मोकळे तास मनाने सांगू नका. दोन आठवडे रोज रात्री, त्या दिवशी खरोखर स्वतःच्या हातात किती वेळ होता ते टिपा. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी दोनपैकी वाईट आठवड्याचा आकडा धरावा, कारण काम अडतं ते त्याच आठवड्यात. समजा चांगल्या आठवड्यात नऊ तास निघाले आणि वाईट आठवड्यात चार. तुमचं भांडवल चार तास. मग समोरचं काम किती तास खाईल याचा अंदाज करा आणि त्याला दीडने गुणा, काम पूर्णपणे नवं असेल तर दोनने. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध संपवायला सरासरी ३४ दिवस लागतील असा अंदाज केला होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ च्या पुढे गेली. स्वतःच्या कामाचा अंदाज आपण नेहमी सगळं सुरळीत होईल असं गृहीत धरूनच करतो.

तिसरी गोष्ट, काय गमावायची तयारी आहे. तीन मर्यादा: जास्तीत जास्त किती पैसे, किती आठवडे, आणि कुणासमोर चुकलेलं चालेल. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत, पण पाय मागे घेतला जातो तो बहुधा त्यामुळेच. "विभागातल्यांसमोर अडखळलो तर चालेल, ग्राहकांसमोर नाही" एवढं लिहिलं तरी निम्मी धाकधूक कमी होते, कारण भीतीला हद्द मिळते.

हा कागद हाताशी असेल तर ओळखण्याचं काम खूप सोपं होतं. तरी कुठे पाहायचं ते सांगते, कारण वाढीची संधी सहसा "संधी" म्हणून येत नाही, ती कुणाच्या तरी अडचणीच्या रूपात येते. कुणी रजेवर किंवा सोडून जातंय. नवी संगणकप्रणाली येतेय आणि ती शिकून इतरांना दाखवायला कुणी तयार नाही. प्रत्येक बैठकीत तीच तक्रार निघते आणि ती कुणाच्याच नावावर नाही. तीन वेगवेगळी माणसं तुम्हाला एकच गोष्ट विचारायला येतात. एखाद्याच्या कामाचा तुम्हाला हेवा वाटतो, तर तोही टिपून ठेवा. पदाचा की पगाराचा हेवा हा वेगळा, पण "तो दिवसभर जे करतो ते मला करायला आवडेल" असं वाटत असेल तर तो दिशादर्शक आहे.

कामाची काठिण्यपातळीही पाहा. लेव्ह विगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाची एक कल्पना इथे फार उपयोगी पडते: एकट्याने जमत नाही, पण जाणत्याच्या मदतीने जमतं, त्या पट्ट्यात शिकणं होतं. म्हणून दोन प्रश्न विचारा. यातलं मला आज काय येत नाही? आणि ते अडलं तर कुणाला विचारता येईल? पहिल्याचं उत्तर "सगळं येतं" असेल तर ते फक्त जास्तीचं काम आहे. दुसऱ्याचं उत्तर "कुणालाच नाही" असेल तर बुडण्याची तयारी आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून थोडं अधिक येत असेल आणि उरलेल्यासाठी एक नाव सांगता येत असेल, तर ते काम घ्यावं. त्यातही चूक लवकर कळणारं काम निवडा. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये संगीतकारांवरच्या अभ्यासातून सरावाबद्दल जे मांडलं, त्यातला महत्त्वाचा भाग हाच की नुसत्या तासांनी कौशल्य वाढत नाही, नेमकं काय चुकलं ते कळून पुढच्या वेळी सुधारावं लागतं. दर महिन्याचा आढावा या दृष्टीने उत्तम: महिन्यातून एकदा परीक्षा, लगेच प्रश्न, लगेच निकाल. वर्षभर चालणारा आणि शेवटी एकदाच कुणीतरी पाहणारा अहवाल त्यामानाने कमी शिकवतो.

संधीचं सोंग घेऊन येणारी कामंही असतात. बैठकीची टिपणं काढणं, निरोपसमारंभ ठरवणं, याद्या अद्ययावत ठेवणं. ही कामं कुणीतरी करावीच लागतात, पण ती नेहमी एकाच माणसाने करू नयेत. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या प्रयोगांत मिश्र गटात अशा बढतीला उपयोग नसलेल्या कामांसाठी स्त्रिया पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा पुढे आल्या, आणि त्यांनाच जास्त वेळा विचारलंही गेलं. कसोटी साधी आहे: हे काम संपल्यावर परिचयपत्रात त्याबद्दल एक ठोस ओळ लिहिता येईल का? नसेल तर ते सौजन्य म्हणून करा, पण वाढीच्या तासांतून करू नका. आणि जिथे आधी पैसे भरायचे, आजच ठरवायचं आणि यशाची हमी दिलेली असते, तिथून सरळ बाहेर पडा.

तुमच्या जुन्या सहकाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिन्हींत ती वाट मला सगळ्यात मोलाची वाटते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, दूरचा माणूस वेगळ्या वर्तुळातलं सांगतो. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यांनी यात एक बारकावा जोडला: अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम, म्हणजे काही समान परिचित असलेल्या ओळखी नोकरी बदलायला सर्वात उपयोगी ठरल्या. जुना सहकारी बरोबर त्या जागी बसतो. त्याला आजच लिहा. उशिराबद्दल लांबलचक माफी नको, त्याने त्यालाच अवघडल्यासारखं होतं. एवढं पुरे:

"तू जागेबद्दल कळवलंस, त्याला उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. ती भरली असेल तरी हरकत नाही. तुमच्याकडे या कामासाठी नेमकं काय येणं लागतं, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं बोलशील का? मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सातनंतर मी मोकळा आहे."

यात विनंती छोटी आहे, वेळ ठरलेली आहे आणि नाही म्हणायलाही जागा आहे. लोक मदत करणार नाहीत असं आपण उगाच धरून चालतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये तपासलं तेव्हा मदत मागणाऱ्यांनी होकाराची शक्यता प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी धरली होती. आठवड्याला असा एक निरोप, एवढा नेम ठेवला तरी वर्षात पन्नासएक माणसांशी तुटलेला धागा जुळतो.

आता समोर आलेल्या संधीला उत्तर कसं द्यायचं. "विचार करून सांगतो" यात चूक एवढीच की त्याला तारीख नाही. विचारणाऱ्याला काम मार्गी लावायचं असतं, तुमचं मौन तो नकार समजतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याऐवजी उत्सुकता लगेच सांगा, प्रश्न विचारा आणि वेळ बांधा. उदाहरणार्थ:

"हे काम करायला मला आवडेल. होकार देण्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: पहिला आढावा कधी आहे, तयारीला महिन्याला साधारण किती तास लागतात, आणि तेवढ्या काळापुरतं माझ्याकडचं कोणतं काम दुसऱ्याकडे देता येईल? उद्या दुपारी चारपर्यंत मी पक्कं सांगतो."

तिसरा प्रश्न सोडू नका. जुनं काम तसंच ठेवून नवं घेणं हे अशा प्रयत्नांचं सगळ्यात मोठं अपयशाचं कारण मी पाहिलंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही कामं घसरतात आणि माणूस म्हणतो, मला जमलं नाही. जमलं नव्हतं ते तासांचं गणित. शिवाय काम विचारलं जातं त्याच दिवशी वरिष्ठ काहीतरी काढून घ्यायला सर्वाधिक राजी असतात, महिन्याने तीच मागणी तक्रार वाटते.

मधल्या चोवीस तासांत कागद काढा. तुमचंच उदाहरण घेऊ. दिशा: दहा जणांसमोर वीस मिनिटं आकडे मांडणं, जुळतं. तास: आठवड्याला दोन लागतील असं सांगितलं, नवं काम म्हणून दोनने गुणून चार, वाईट आठवड्यातलं सगळं भांडवल संपतं, म्हणून एखादं मासिक विवरणपत्र दुसऱ्याकडे गेलं तरच होकार. येत नाही ते: मांडणी आणि उलटप्रश्न. विचारायला माणूस: रजेवर जाणारी सहकारी, ती जाण्याआधी तिच्याकडून मागच्या तीन महिन्यांच्या फाइली आणि नेहमी येणारे पाच प्रश्न घ्यायचे. गमावणं: विभागांसमोर एक-दोनदा अडखळणं, चालेल. मागे फिरणं: सहा महिन्यांनी आपोआप. निर्णय: अटीसह हो. हे लिहायला वीस मिनिटंही लागत नाहीत.

या उदाहरणावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. सगळ्याला हो म्हणायचं नाही, एका वेळी एकच मोठा होकार. तारीख लांबची असली की होकार फार स्वस्तात जातो. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये दाखवलं की पुढे आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसाला वाटत राहतं. तीन महिन्यांनंतरच्या कशालाही हो म्हणण्याआधी विचारा: हेच येत्या मंगळवारी असतं तर घेतलं असतं का? आणि सगळे निकष लावूनही मन अगदी मधोमध अडकलं असेल, तर बदलाच्या बाजूने झुका. स्टीव्हन लेविट यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात द्विधा मनःस्थितीतल्या लोकांना नाणेफेकीचा कौल दिला होता. ज्यांनी मोठा बदल केला ते सहा महिन्यांनी अधिक समाधानी आढळले. ते सगळे स्वतःहून आलेले लोक होते, त्यामुळे हा नियम म्हणून घेऊ नका, बरोबरी झाली तर एवढाच त्याचा उपयोग.

अर्ज अर्धवट राहण्याचा इलाज वेगळा आहे. तिथे इच्छा होती, पण पुढची कृती कोणत्याही वेळेला बांधलेली नव्हती. पीटर गोल्विट्झर यांची "असं झालं की तसं करेन" ही पद्धत वापरा. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला. "या आठवड्यात अर्ज भरेन" याऐवजी "बुधवारी वडिलांचं रात्रीचं औषध दिलं की टेबलाशी बसून अर्जाचं दुसरं पान भरेन" असं लिहा. आधीच रोज घडणाऱ्या गोष्टीला कृती बांधायची. मुदतीची तारीख दिनदर्शिकेत खऱ्या तारखेच्या पाच दिवस आधी टाका, कारण कागदपत्रांपैकी एखादं शेवटच्या दिवशी हमखास सापडत नाही. अभ्यासक्रमाबद्दल अजून एक: शिकलेलं चार आठवड्यांत कामात वापरता येईल असं एक ठिकाण आधी ठरवा. ते नसेल तर फी भरू नका. प्रमाणपत्रं साठतात आणि हात कोरेच राहतात.

घरी आजारपण असताना नवं काम घेतलं तर घरच्यांना किती आठवडे, कोणते दिवस आणि किती वाजेपर्यंत हे आधी सांगा. मदत मागायची तीही तेवढीच नेमकी: "गुरुवारी सात ते नऊ बाबांजवळ कुणीतरी बसायला हवं." नुसतं "थोडं सांभाळून घ्या" म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि गुरुवारी कुणीच नसतं.

होकार दिल्यावर पहिल्याच दिवशी, हे काम पुढे चालू ठेवायचं का हे तपासण्याची तारीख टाका. साधारण सहावा आठवडा ठीक. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बहुतेकांना सोडून द्यावंसं वाटतं. नवेपण ओसरलेलं असतं आणि हात बसलेला नसतो, म्हणून त्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. सहाव्या आठवड्यात तीन गोष्टी तपासा: पहिल्या दिवशी येत नव्हतं असं काय आता येतं, तास कागदावरच्या मर्यादेत आहेत का, आणि घरच्या जबाबदारीला धक्का लागतोय का. पहिल्याचं उत्तर "काहीच नाही" असेल किंवा तिसऱ्याचं "हो" असेल, तर वरिष्ठांना स्वतःहून भेटा आणि दोन आठवड्यांची मुदत देऊन काम परत करा. सोबत केलेल्या कामाची फाइल, अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी आणि कुणाशी काय बोलणं झालंय याची नोंद द्या. असं नीट सोपवून बाहेर पडलेल्या माणसाला पुढच्या वेळी पुन्हा विचारलं जातं. गुपचूप ढिला पडलेल्याला सहसा विचारलं जात नाही.